अजिंठ्याचा कित्ता

अक्षर शिकवण्याच्या दोन पायऱ्या आपल्याकडे पूर्वापार ठरलेल्या आहेत. आधी कित्ता गिरवायचा, मग वाचायचे. ज्याला वळणदार गिरवता येते पण वाचता येत नाही, अशा माणसाला कोणी साक्षर म्हणत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच पायरीवर थांबलो. ‘चित्रकला येते’ याचा आपल्या बोलण्यातला अर्थ चित्र काढता येते, एवढाच असतो. समोरचे चित्र नीट पाहून त्यात काय चालले आहे, ते कशावरून, आणि चित्रकाराने तसेच का दाखवले, हे सांगता येणे म्हणजेही शिक्षण, ही गोष्ट मराठी शाळेच्या गळी कधी उतरली नाही. याचा दोष सहसा आपल्या अरसिकतेला दिला जातो. पण त्यामागे एक इतिहासही आहे. मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. पाहायला शिकवण्याचा एवढा मोठा उद्योग या मुलखात त्याआधी झालेला दिसत नाही. त्या उद्योगाने डोळा किती तयार झाला आणि वाचन कुठे सुटले, हे तपासले तर आजच्या चित्रकलेच्या तासाचे कोडे बऱ्यापैकी उलगडते.

सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. चित्रकार घडवण्यापेक्षा कारागिरांचा हात सुधारणे हा तिचा मूळ हेतू होता. तिथली शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधून आली होती: आधी सरळ आणि वक्र रेषा, मग भूमितीच्या आकृत्या, मग छापील नक्षीचे नमुने, मग प्लास्टरचे ठोकळे आणि पुतळे, आणि सगळ्यात शेवटी जिवंत माणूस. १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स या शाळेत शिकवायला आले, तेव्हा विद्यार्थ्यांपुढे ठेवलेले बहुतेक नमुने ग्रीक-रोमन साच्यातले होते. त्याच मुलखात, निजामाच्या हद्दीत, वाघोरा नदीच्या वळणावर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रे भिंतींवर होती. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्यामुळे ती युरोपीय जगाच्या नजरेस पडली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे त्यांच्या तैलरंगातल्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत त्यांपैकी बहुतेक खाक झाल्या. काम पुन्हा करणे भाग होते. जेम्स बर्जेस यांच्यासारखे पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यासाठी सरकारच्या मागे लागले होते. ग्रिफिथ्स यांना त्यात आणखी एक गोष्ट दिसली: हिंदी विद्यार्थ्यासाठी अजिंठ्याहून चांगला कित्ता दुसरीकडे मिळायचा नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यामुळे सरकारी नोंदीचे काम एक फिरता वर्गही बनले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत आणि त्यांचे सोबती या वर्गात होते. तेरा वर्षांच्या अवधीत सुमारे ३०० कॅनव्हास रंगवले गेले.

आता पहिला आक्षेप. नक्कल करून कोणी पाहायला शिकते का? चित्रकलेच्या शिक्षणात नक्कल हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, आणि त्याला कारणही आहे. छापील फुलाखाली पुन्हा तेच फूल काढणाऱ्या मुलाचा हात चालतो, पण डोळा झोपलेला असतो. अजिंठ्यातली नक्कल वेगळी होती, कारण तिथला कित्ता स्वच्छ नव्हता. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातले छत घ्या. ते लहानमोठ्या चौकोनांत विभागलेले आहे आणि प्रत्येक चौकोनात काही वेगळे आहे: कमळाच्या वेली, हंस, हत्ती, फळे, कुठे पेला हातात घेऊन बसलेली परदेशी पोशाखातली माणसे. दीड हजार वर्षांत गिलावा जागोजाग पडला होता, धुराने काळवंडला होता, पाण्याचे ओघळ उतरले होते. अशा चौकोनाखाली बसलेल्या विद्यार्थ्याला दर बोटभर अंतरावर निर्णय घ्यावा लागतो. ही गडद जागा म्हणजे हत्तीच्या पोटाखालची सावली की काजळी? ही रेषा पाकळीची कड की गिलाव्याची भेग? वेल इथे तुटली, ती चित्रकाराने तोडली की काळाने? रंगवण्याआधी प्रत्येक ठिपक्याची चौकशी करावी लागते, आणि चित्र वाचण्याची पहिली अट हीच असते: दिसते ते आणि असावे असे वाटते ते यांत फरक करणे. त्या कॅनव्हासांत पडलेल्या गिलाव्याच्या जागाही दाखवलेल्या आढळतात. ज्याने भोक हे भोक म्हणून रंगवले, त्याने आपल्या कल्पनेला आवर घालायला शिकून घेतले होते. आजच्या कुठल्याही चित्रवाचनाच्या वर्गात एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ झाले.

दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. छायाचित्र होते, मग हातांनी एवढी वर्षे का घालवली? गिल यांनी स्वतः १८५० च्या दशकातच कॅमेरा हाती घेतला होता आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली. पण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग पकडता येत नव्हता, आणि अंधाऱ्या विहारातली आतली भिंत टिपणे जिकिरीचे होते. रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्याची मोठी नोंद व्हायला गुलाम याझदानी यांच्या ग्रंथांची वाट पाहावी लागली. त्यांचा पहिला भाग १९३० साली निघाला. म्हणजे दस्तऐवज म्हणून हातची प्रत तेव्हा अटळ होती. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न मुळात गैरलागू आहे. छायाचित्र भिंतीची नोंद ठेवते, ते काढणाऱ्याला भिंतीसमोर महिनाभर बसवत नाही. आणि नकलेचे गोडवे गाताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात भिंतींवर व्हार्निश चढवले गेले, ते पुढे पिवळे-काळे पडले. नीट पाहण्याच्या हौसेने पाहायची वस्तूच मळवली. त्यात विद्यार्थ्यांचे कॅनव्हास लंडनला पाठवले होते, तिथल्या कोठारात १८८५ मध्ये पुन्हा आग लागली आणि शंभरावर गेले. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोळा तयार झाला, हे मान्य. पण वाचनाचे काय? याचे उत्तर सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या एका चित्रात आहे. एक उच्चकुलीन स्त्री मंचकावर बसली आहे. मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, अंग सैल पडले आहे. मागून एक दासी तिला सावरते, दुसरी पंख्याने वारा घालते, आणखी एकजण चिंतेने तिच्याकडे पाहते. पुढ्यात दोन बायका बसल्या आहेत. ग्रिफिथ्स या चित्रावर निहायत खूश होते. फ्लोरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन याहून सरस केले असते, व्हेनिसच्याने रंग अधिक चांगला भरला असता, पण भाव याहून जास्त कोणालाच दाखवता आला नसता, अशा आशयाचा त्यांचा अभिप्राय पुढे जगभर फिरला. चित्राला नावही तसेच चिकटले: ‘मरणोन्मुख राजकन्या’. आजही कित्येक पुस्तकांत ते तसेच छापले जाते. पण याच प्रसंगात एका सेवकाच्या हातात एक मुकुट आहे. राजकन्या मरत असेल तर मुकुट कोणाचा, आणि तो डोक्याऐवजी हातात का? पुढच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न विचारला आणि चित्राचा अर्थ पालटला. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद आपल्या सुंदरी नावाच्या पत्नीत रमलेला असतो. भिक्षापात्र हातात घेऊन बुद्धामागे जातो काय आणि मनाविरुद्ध भिक्षू होतो काय! अश्वघोषाचे ‘सौन्दरनन्द’ हे काव्य याच कथेवर आहे. नंदाने उतरवलेला मुकुट घरी परत येतो आणि तो पाहून सुंदरी कोसळते. म्हणजे ही बाई मरत नाही. जिवंत नवरा गमावल्याचे तिला त्या क्षणी कळले आहे.

ही चूक कशाने झाली, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. नजर कमी पडली म्हणून ती झाली नाही. ग्रिफिथ्स यांनी त्या स्त्रीची मान, हात, पापणी यांचे जे निरीक्षण केले ते अचूक होते. पण चेहऱ्यावरच्या भावाला त्यांनी संपूर्ण चित्राचा अर्थ मानले, आणि भाव ज्या वस्तूमुळे उमटला ती वस्तू बाकीच्या तपशिलांच्या रांगेत उभी केली. गिरवणाऱ्याला मुकुट आणि पंखा सारखेच असतात. दोन्हींची कड साधायची, दोन्हींत रंग भरायचा. वाचणाऱ्याला मात्र त्यांत निवड करावी लागते. पंखा काढून टाकला तर प्रसंग तोच राहतो, मुकुट काढून टाकला तर प्रसंगच नाहीसा होतो. चित्र वाचणे म्हणजे हा फरक ओळखणे.

यावर कोणी म्हणेल की नुसत्या वाचणाऱ्यांनी तरी काय दिवे लावले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उदाहरणही अजिंठ्यातच मिळते. पहिल्या लेण्यात सिंहासनावरच्या राजासमोर दाढीवाले, टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आलेले दाखवले आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये मांडले की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी असून इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या वकिलांचे स्वागत करतो आहे. ही कल्पना इतकी देखणी होती की कित्येक दशके ती इतिहासाच्या पुस्तकांत ठाण मांडून बसली. पुलकेशी सातव्या शतकातला. पुढे या लेण्याचा काळ वाकाटक सम्राट हरिषेणाच्या राजवटीशी, म्हणजे पाचव्या शतकाशी जोडला गेला, आणि तो दरबार ऐतिहासिक नसून बौद्ध कथेतल्या राजाचा आहे, असे मत बळावले. इथे घाई वाचणाऱ्याने केली. त्याने टोपी पाहिली आणि टोपीवरून थेट तारखेवर उडी मारली. भोवतालची चित्रे काय सांगतात, राजा इतरत्र कसा दाखवला आहे, हे पाहायला तो थांबला नाही. म्हणजे दोन चुका आरशासारख्या एकमेकींसमोर उभ्या आहेत. एकीकडे बारकाईने पाहिले, पण प्रश्न विचारला नाही. दुसरीकडे प्रश्न विचारला, पण पाहणे अर्धवट सोडले. दोन्ही कामे एकाच माणसाकडून करून घेतली असती तर दोन्ही चुकांना आळा बसला असता, असे म्हणायला हरकत नाही.

पण ती एकाकडून करून घ्यायची नव्हतीच, आणि इतिहासाची खरी मेख इथे आहे. कामाची वाटणी आधीच झाली होती. विद्यार्थ्यांकडे हात, विद्वानांकडे अर्थ. ग्रिफिथ्स यांच्या खंडांतल्या चित्रांमागे विद्यार्थ्यांची मेहनत आहे, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या नोंदींत काहींची नावेही आहेत. पण चित्राखालचे विवेचन साहेबाचे आणि बर्जेस-फर्ग्युसन यांच्या परंपरेतले. छताच्या चौकोनाखाली दिवसेंदिवस मान वर करून बसलेल्याला ‘तुला इथे काय चाललेले दिसते?’ असे विचारून ते लिहून ठेवले, अशी वहिवाट तिथे दिसत नाही. चित्रांचा पुढचा उपयोगही याला धरूनच झाला. कलाशाळेच्या कुंभारकामाच्या कारखान्यात अजिंठ्याची वेलबुट्टी फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरली आणि विलायतेच्या बाजारात गेली. कथेतून नक्षी सुटी झाली की ती विकता येते, आणि नक्षी सुटी करायला कथा ठाऊक असावी लागत नाही.

हे सगळे वसाहतीच्या राजवटीचे पाप, असे म्हणून मोकळे होता आले असते, पण तेवढ्याने भागत नाही. १९०९ ते १९११ च्या दरम्यान क्रिस्टिआना हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार अजिंठ्यात प्रती करायला आले, ते स्वदेशीच्या भारलेल्या वातावरणातून. त्यांनी अजिंठ्यातून एक शैली नेली. लांब बोटे, अर्धोन्मीलित डोळे, वाहती रेषा बंगालच्या चित्रांत उतरली. औंधचे चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रस घेऊन अजिंठ्याच्या प्रती करवल्या आणि १९३२ साली त्यावर पुस्तक काढले. त्यात अभिमान होता, जिव्हाळा होता. पण अजिंठा म्हणजे घ्यायचे वळण, ही समजूत साहेबाच्या वर्गातली आणि देशभक्ताच्या वर्गातली सारखीच राहिली. पेस्तनजी मात्र अजिंठ्याहून परतून पाश्चात्त्य वास्तववादी रीतीने पारशी घरांतली माणसे रंगवू लागले, म्हणून त्यांच्यावर अजिंठ्याचा काही परिणामच झाला नाही, असे म्हटले जाते. उलटेही म्हणता येईल. अजिंठ्याने त्यांना शैली दिली नसेल, नजर दिली असेल. नकलेचे फळ शैलीतच मोजायचे, हा हट्ट कशाला?

वाचनाची परंपरा या मुलखात नव्हती म्हणून हे झाले का? तसेही नाही. मुंबईचे विद्यार्थी अजिंठ्यात छत गिरवत होते त्याच शतकात दक्षिण कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी ‘पोथी सोडत’ होते. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. एका पोथीत रामायण-महाभारतातल्या एखाद्या आख्यानाची सुटी चित्रे असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एकेक पान उभे धरतो, चित्रावर बोट ठेवत वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने प्रसंग सांगतो आणि पान उलटतो. पैठण भागात मिळालेल्या अशाच चित्रांमुळे त्यांना ‘पैठणी चित्रे’ हे नाव पडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हा प्रकार पाहायला मिळतो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचे नाव घरोघरी पोहोचले. कलाशाळेने जे सोडले ते सगळे इथे आहे: बोट कुठे ठेवायचे, कोणती वस्तू प्रसंग उलगडते, कोणता हात कोणाकडे वळला आहे.

अर्थात चित्रकथीलाही मर्यादा आहे, आणि ती झाकून उपयोग नाही. तिथे श्रोत्याला शोधावे लागत नाही. बोट कथेकऱ्याचे, अर्थही त्याचाच. चित्र कथेचा पुरावा म्हणून येते, आणि चित्रात कथेशी न जुळणारे काही असले तरी गाण्याच्या ओघात ते निसटून जाते. अजिंठ्याच्या विद्यार्थ्याकडे प्रश्नाशिवाय पाहणे होते, चित्रकथीच्या श्रोत्याकडे शोधाशिवाय अर्थ होता. म्हणून ‘आपली परंपरा परत आणा’ एवढे म्हणून काम होणार नाही. कलाशाळेची शंका आणि चित्रकथीचे बोट एका वर्गात आणावे लागेल.

इथे शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. ‘सौन्दरनन्द’ ठाऊक नसेल तर मुकुट दिसूनही काय उपयोग? अर्थ शेवटी ग्रंथातून आला, डोळ्यातून नव्हे. मग विद्यार्थ्याला कथा शिकवा, पाहायला शिकवून काय साधणार? यातले अर्धे खरे आहे. पाहण्याने नंदाचे नाव कळत नाही. पण कोणता ग्रंथ उघडायचा, हे मुकुट सांगतो. नंदाची कथा ठाऊक असलेले विद्वान त्याही काळात होते. ती कथा या चित्राशी जोडली जाण्यासाठी कोणीतरी ‘मुकुट हातात का?’ असे अडून बसणे आवश्यक होते. वर्गातल्या मुलाकडून उत्तराची अपेक्षा नाही. मुकुटापाशी ते अडले आणि आपण का अडलो हे त्याला सांगता आले, की अर्धा रस्ता संपला. उरलेल्या अर्ध्यासाठी शिक्षक आहे, ग्रंथालय आहे.

त्या जुन्या वाटणीचा वारसा आज कुठे दिसतो? कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले या परीक्षांना बसत आली आहेत, आणि चित्रकलेशी बहुतेकांची औपचारिक गाठ पडते ती याच वाटेने. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असे विषय. त्यांतला प्रत्येक विषय मुलाने काहीतरी काढावे असे सांगतो. दुसऱ्याने काढलेले चित्र पुढे ठेवून काही विचारणारा कागद त्यांत नाही. या परीक्षांनी हजारो हातांना वळण दिले, ते मोडायचे कारण नाही. त्यात एक कागद वाढवला तर बरेच साधेल. सोळाव्या लेण्यातल्या त्या चित्राची चांगली प्रत मुलापुढे ठेवावी. आधी अर्धा तास त्याने ती पेन्सिलीने गिरवावी, गिलाव्याच्या पडलेल्या जागांसकट. मग तीन ओळी लिहाव्यात: काय दिसते, कोणती वस्तू काढून टाकली तर प्रसंग बदलेल, आणि कशाचा उलगडा होत नाही. गुण तिसऱ्या ओळीला सगळ्यात जास्त असावेत. तेरा वर्षांच्या उद्योगात ती ओळ लिहायला कोणाला बसवले नव्हते.